एका गाडीतले तिघे

दिवाळी सरली होती, सोयाबीन घरात आलं होतं. चिखली तालुक्यातल्या एका गावातून मेहकरकडे निघालेल्या काळीपिवळीत मागच्या बाकावर तिघे जण दाटीने बसले होते. एक गवंडी, एक दूधवाला आणि एक सोयाबीनची खेडाखरेदी करणारा. समोरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन एक म्हातारी बसली होती, लेकीकडे चाललेली. दूधवाल्याने सकाळी चिखलीतला रतीब घालून घेतला होता आणि तो मेहकरकडे एक म्हैस बघायला निघाला होता.

एका वळणावर समोरून चुकीच्या बाजूने ट्रक आला. हॉर्न वाजत राहिला आणि पुढच्या क्षणी गाडी उलटून नालीत गेली.

गवंड्याचा पाय मांडीपासून मोडला. खरेदीवाल्याच्या कपाळाला टाके पडले. दूधवाल्याला ओरखडासुद्धा नव्हता, पण बाहेर पडायला वाट नव्हती. म्हातारी त्याच्या शेजारी पत्र्याखाली दबली होती आणि तिने त्याचा हात घट्ट धरला होता. ती पुन्हापुन्हा विचारत होती, “आलं का मेहकर?” तो म्हणत होता, “आलं माय, आलंच.” १०८ ची गाडी येईपर्यंत तो हेच म्हणत राहिला. गाडी येण्याआधीच म्हातारीने विचारणं थांबवलं होतं. तिची बोटं त्याच्या हातातून दुसऱ्यांनी सोडवली.

दवाखान्यात गवंड्याच्या पायाचा फोटो काढला, रॉड टाकला. खरेदीवाल्याला टाके घालून दोन दिवस ठेवून घेतलं. दूधवाल्याच्या कागदावर एकच ओळ लिहिली गेली, ‘प्रथमोपचार करून घरी सोडले.’

गाव त्याला बघायला आलं. जो तो म्हणाला, “गजानन महाराजांनी वाचवलं तुले.” त्यालाही तसंच वाटत होतं. त्याने मोठ्या मनाने गवंड्याच्या घरी दूध पाठवायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी पहाटे त्याने नेहमीप्रमाणे मोटरसायकलला कॅन बांधले. फाट्यावर आला, समोरून ट्रकचा हॉर्न ऐकला आणि त्याचे हात हँडलवर गोठले. गाडी तशीच हाताने ढकलत तो घरी परत आला. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. रात्री दोनच्या सुमाराला तो उठून बसायचा आणि उजवा हात पंचाने पुसत राहायचा. बायको विचारायची, “काय झालं वो?” तो म्हणायचा, “काई नाई, झोप तू.”

महिना गेला. मग लोकांची भाषा बदलली. धडधाकट माणूस घरात बसतो म्हणजे काय? कोणी म्हणालं, अंगावर काही तरी आलं आहे, सैलानीला नेऊन आणा. नेलं. बुलढाणा जिल्ह्यात मनाने थकलेल्या माणसाला घेऊन घरचे अनेकदा आधी सैलानी बाबांच्या दर्ग्यावर जातात, आणि त्यात त्यांचा दोष मानू नये. तिथे निदान त्याचं दुखणं खरं आहे असं धरून चालतात. घरात आणि गावात तेवढंही मिळत नाही.

शेवटी गावातल्या आशाताईंनी बायकोला बाजूला घेतलं. “वहिनी, हे अंगातलं नाही. बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात. केसपेपर काढा आणि जे होतं ते सगळं सांगा.” बायको त्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी तासभर ऐकलं आणि आजाराला नाव दिलं. मोठ्या आघातानंतर मन त्याच क्षणात अडकून पडतं, हॉर्न ऐकला की शरीराला वाटतं तो क्षण पुन्हा आला. हा आजार आहे, भित्रेपणा नाही, औषधाने आणि बोलण्याने तो बरा होतो, वेळ लागतो. हे ऐकून बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. नवऱ्याला वेड लागलं नाही, एवढं तिला त्या दिवशी कळलं.

एव्हाना तिघांचेही दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागले होते. ट्रकचा विमा होता, म्हणजे भरपाई ट्रकच्या विमा कंपनीने द्यायची. गवंड्याचं काम सरळ होतं. फोटो होता, रॉडचं बिल होतं, अपंगत्वाचा दाखला होता. लोकअदालतीत तडजोड झाली आणि त्याला बऱ्यापैकी रक्कम मिळाली. दूधवाल्याला मात्र कंपनीने पाच हजार देऊ केले. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने कागद उलटून पालटून पाहिला आणि म्हणाला, “यात जखमच लिहिलेली नाही. मी कशावर पैसे मंजूर करू?”

हा प्रश्न त्या एका अधिकाऱ्याचा नाही, आपल्या सगळ्या व्यवस्थेचा आहे. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुटा गावाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ माणसं होरपळून गेली. बहुतेकांची ओळखही पटेना, म्हणून त्यांच्यावर बुलढाण्यात एकत्र अंत्यसंस्कार करावे लागले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर केले, पंतप्रधान मदत निधीतून २ लाख आणि जखमींना ५० हजार. मदत योग्यच होती. पण त्या घोषणेत मृत आणि जखमी असे दोनच रकाने होते. काच फोडून जे मोजके लोक बाहेर आले, त्यांनी मागे जे पाहिलं आणि ऐकलं त्यासाठी तिसरा रकाना नव्हता. तो कुठल्याच अपघातानंतर नसतो.

कायद्याला दुःख समजत नाही, असं मात्र नाही. म्हातारीच्या लेकीचं उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात मृत माणसाच्या सहवासाला मुकल्याबद्दल ४० हजार रुपये ठरवून दिले आणि दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्के वाढ सांगितली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात हा हक्क नवरा-बायकोपुरता न ठेवता आईवडील आणि मुलांनाही दिला. आईच्या सहवासाची किंमत एवढीच का, असं कोणीही विचारेल, आणि ते बरोबरच आहे. तरी या ठरलेल्या रकमेत एक मोठा विवेक आहे. आईसाठी किती रडलात याचा पुरावा आणा, असं लेकीला कोणी म्हणत नाही.

जो वाचतो त्याला मात्र आपलं दुःख सिद्ध करावं लागतं.

दूधवाल्याच्या बायकोने पाच हजार नाकारले. ती आपल्या वकीलबाईंना म्हणाली, “पैशाचं जाऊ द्या. पाच हजार घेतले म्हंजे याले काई झालंच नाई, असं आमीच सही करून देल्यासारखं होते.” वकीलबाईंनी ते वाक्य आपल्या वहीत लिहून घेतलं.

दाव्याची सुनावणी सुरू झाली, आणि इथे खरेदीवाला आडवा आला.

कोर्टाच्या आवारात त्याला एक एजंट भेटला होता. तो म्हणाला, टाक्यांचे कितीसे मिळणार? मनाचा त्रास सांगा. झोप येत नाही म्हणा, गाडीत बसवत नाही म्हणा, डोकं भणभणतं म्हणा. दाखला मी आणून देतो. खरेदीवाल्याने पाठ केलं आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून धडाधडा सांगितलं. रडलासुद्धा. त्याचं ऐकून बाकावर बसलेल्या लोकांना त्याची दया आली.

कंपनीच्या वकिलांनी शांतपणे बाजार समितीच्या काटापट्ट्या पुढे केल्या. अपघातानंतरच्या पंधराव्या दिवसापासून खरेदीवाला आठवड्यातून तीनदा आपली पिकअप स्वतः चालवत चिखलीच्या बाजारात सोयाबीन आणत होता. प्रत्येक पट्टीवर गाडीचा नंबर होता आणि चालक म्हणून त्याचीच सही होती. न्यायाधीशांनी त्याला टाक्यांचे पैसे दिले, बाकी दावा फेटाळला.

आता दूधवाल्याची पाळी आली. कंपनीचे वकील म्हणाले, “तीच गाडी, तोच ट्रक, तीच तक्रार. पहिल्याचं खोटं निघालं, दुसऱ्याचं खरं कशावरून? उद्या रस्त्यावरचा प्रत्येक माणूस म्हणेल मला झोप येत नाही. हा पैसा कंपनीच्या घरचा नाही. जो शेतकरी आपल्या ट्रॅक्टरचा विमा वर्षाला भरतो, त्याचाच हा पैसा आहे.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खोटा दावा कंपनीला लुटतोच, पण त्याच्याहून जास्त तो शेजारच्या खऱ्या माणसाला लुटतो. खरेदीवाल्याने त्या दिवशी आपलंच नाही, दूधवाल्याचंही तोंड बंद करून टाकलं होतं. दूधवाला तर आधीच मुका होता. पिंजऱ्यात उभं केल्यावर तो एवढंच म्हणाला, “मले गाडी चालवता येत नाई.” पुढे शब्द फुटेना. खोटा माणूस भरभरून बोलला होता, खऱ्याला बोलता येत नव्हतं.

डॉक्टरांची साक्ष झाली. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, “हे चौथ्या महिन्यात तुमच्याकडे आले. त्याआधी काय होतं, ते तुम्ही यांच्या सांगण्यावरूनच लिहिलं ना?” डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, “हो, सांगण्यावरून आणि माझ्या तपासणीवरून.” “आणि धंदा बंद पडला याचा कागद? डेअरीचं बिल?” बिल नव्हतं. दूधवाला डेअरीला दूध घालतच नव्हता, चिखलीत घरोघर रतीब घालत होता. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली आणि सांगितलं, काही कागद असेल तर आणा.

बायको घरी आली. रात्रभर विचार केला. कागद कुठे असणार? आणि तिला आठवलं की रतिबाचा हिशेब दूधवाला कधीच ठेवत नाही, तो गिऱ्हाईक ठेवतं. प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं. त्यावर रोजचं दूध लिहितात आणि ज्या दिवशी दूध येत नाही, त्या चौकोनात खाडा मांडतात.

ती पहिल्या एसटीने चिखलीला गेली आणि दारोदार फिरली. “ताई, मागच्या वर्षीचं कॅलेंडर हाय का?” काहींनी रद्दीत दिलं होतं. एका घरी मुलांच्या वह्यांना कव्हरं घातली होती. एका मास्तरांच्या घरी मात्र बाईंनी फडताळातले डबे खाली उतरवले आणि तळाशी अंथरलेलं कॅलेंडर काढून दिलं, तेलाचे डाग पडलेलं. दुसऱ्या घरी ते अजून जुन्या खिळ्यावरच होतं, त्याच्यावर नवं लावलेलं. संध्याकाळपर्यंत तिच्या पिशवीत सात घरांची कॅलेंडरं जमली. मास्तरीणबाई म्हणाल्या, “लागलं तर मी साक्षीला येते.”

न्यायाधीशांनी ती कॅलेंडरं टेबलावर एकाशेजारी एक मांडायला सांगितली. जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत सातही घरांत रोज दूध होतं. दहा महिन्यांत तीन खाडे, तेही सातही ठिकाणी त्याच तारखांना. बहिणीचं लग्न, पोळा आणि पावसाने नाल्याला पूर आला तो दिवस. नोव्हेंबरात अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून खाडे सुरू झाले होते. ओळीने खाडे. आणि मग डिसेंबरात काही दिवस पुन्हा दूध आलेलं दिसत होतं. मास्तरांच्या घरच्या कॅलेंडरवर तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘साडेनऊला आला, पायी.’ दुसऱ्या दिवशी, ‘पायी. दूध नासलं.’ असे अकरा दिवस. त्यानंतर चौकोन कोरे होते, आणि डिसेंबरच्या शेवटच्या चौकोनात दुसऱ्या दूधवाल्याचं नाव होतं.

कंपनीचे वकील लगेच उठले. “म्हणजे हे डिसेंबरात चिखलीला येत होते. रस्त्याने येता येत होतं!”

तेव्हा दूधवाला पहिल्यांदा आपणहून बोलला. “रस्त्यानं नाई आलो साहेब. धुऱ्याधुऱ्यानं आलो. वावरातून. दोन कॅन डोक्यावर घेऊन. रस्ता लागला की मी पल्याड होतो.”

कोर्टात कोणी काही बोललं नाही. दोन तासांच्या वाटेवर थंडीत पहाटे उठून, काट्याकुट्यातून, डोक्यावर दूध घेऊन अकरा दिवस चाललेला माणूस कामचुकार नव्हता. पैशासाठी सोंग करणारा तर नव्हताच, कारण तेव्हा दावाच लागला नव्हता. धंदा वाचवायची त्याची केवढी धडपड होती, ती मास्तरीणबाईंच्या अक्षरात दिसत होती.

गवंडीही साक्षीला आला होता, लंगडत. त्याचा दावा मिटला होता, त्याला यायची गरज नव्हती. तो म्हणाला, “साहेब, माह्या पायाचा फोटो निघाला, म्हणून मी कोठीही गेलो की लोक खुर्ची देतात. याचा फोटो निघत नाई. पण मी आता पाडावर चढतो, भिंत बांधतो. हा अजून फाट्याच्या पुढं गेला नाई. आमच्या दोघात जास्त कोन मोडलं, ते तुमीच पाहा.”

वकीलबाईंनी शेवटी दोन गोष्टी मांडल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सांगितलं आहे की वेदना, यातना आणि आघात यांची भरपाई हा जखमी माणसाचा हक्क आहे. अपंगत्व मोजताना अवयवाचे टक्के पाहून थांबू नका, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते पाहा, हेही त्याच निकालात आहे. डावा हात गेला तर चालकाचा किंवा सुताराचा धंदाच जातो, कारकुनाची नोकरी कदाचित राहते. “मग ज्याचं पोट मोटरसायकलवर आहे, त्याला रस्त्याची भीती बसली तर त्याचं काय गेलं?” दुसरं म्हणजे, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा विमा कंपन्यांना सांगतो की शरीराच्या आजाराला जसं संरक्षण देता तसंच मनाच्या आजाराला द्या. “तो नियम आरोग्यविम्याचा आहे, मला मान्य आहे. पण मन आणि शरीर यांच्यात भेद करू नका, हे आरोग्यविम्यात खरं आणि अपघाताच्या दाव्यात खोटं, असं कसं होईल?”

निकाल मोठ्या आकड्याचा नव्हता. बुडालेल्या महिन्यांची कमाई, दवाखान्यात जाण्यायेण्याचा आणि पुढच्या उपचाराचा खर्च, आणि आघाताबद्दल स्वतंत्र रक्कम. न्यायाधीशांनी कारण थोडक्यात लिहिलं. जखम दिसते की नाही आणि माणूस किती आक्रोश करतो, यावर भरपाई ठरत नाही. अपघाताने त्याच्या रोजच्या जगण्यातलं काय थांबवलं, यावर ती ठरते. काटापट्ट्यांनी एकाचं थांबलं नाही असं सांगितलं, कॅलेंडरांनी दुसऱ्याचं थांबलं असं सांगितलं. दोन्ही कागद साधेच होते.

कंपनीने अपील केलं नाही. दूधवाला अजून औषध घेतो. पहिल्यांदा तो बायकोच्या मागे बसून फाट्यापर्यंत गेला, मग स्वतः चालवत. चिखलीतली जुनी गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत, मास्तरांचं घर आलं.

या गोष्टीतली माणसं कल्पनेतली आहेत, पण त्यांच्यासारखी माणसं आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक महामार्गालगत आहेत. दाव्यांच्या निकालांत मनाच्या वेदनेला मोठी रक्कम मिळते ती बहुधा शरीर पुरतं मोडल्यावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका जखमीला फक्त वेदना आणि यातनांसाठी १५ लाख रुपये दिले, आणि तो मोठ्या मनाचा निकाल होता. पण त्या माणसाचं शरीर ९० टक्के अपंग झालं होतं. अंगावर ओरखडा नसलेल्याची वाट अजून अवघड आहे. हे न्याय्य नाही. खोट्या दाव्यांची भीती हे त्याचं कारण असेल तर उपायही कंपन्यांच्या हातात आहे. हाडाचा फोटो मागता तसं अपघातातून वाचलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात मानसोपचार तज्ज्ञाकडे तपासायला पाठवा, खर्च तुम्ही करा. खरेदीवाला तिथेच गळेल आणि दूधवाल्याचे चार महिने वाचतील.

तोवर आपल्या हाती असलेलं आपण करू. तुमच्या घरी अपघातातून कोणी ‘काही न होता’ परत आलं असेल, तर त्याची झोप कशी आहे ते विचारा. तक्रार असेल तर ती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा आणि कागदावर लिहून घ्या. दवाखाना लांब असेल तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. कामाचे खाडे कुठे ना कुठे मांडून ठेवा. आणि उशीर करू नका. मोटार वाहन कायद्याच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे.